मृताचे कर्ज आणि विधवेची सही

माणूस मरण पावला की त्याचे येणे कोणाचे, हा प्रश्न घरात लगेच निघतो. त्याच्या देण्याचे काय, हा प्रश्न मात्र घरातले कोणी काढत नाही. तो बाहेरून येतो. पूर्वी तो सावकाराच्या कारकुनाकडून येत असे, आता तो दूरध्वनीवरून येतो. क्रेडिट कार्डाच्या कर्जाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. घरासाठी कर्ज काढले तर ते सगळ्या कुटुंबाला ठाऊक असते. पतपेढीचे कर्ज काढले तर कचेरीतले दोन सहकारी जामीन राहिलेले असतात. कार्डाला तारण लागत नाही आणि जामीनही लागत नाही. त्याचा मासिक हिशेब कार्डधारकाच्या खिशातील यंत्रावर येतो आणि तेथेच राहतो. त्यामुळे पतीच्या मागे त्याच्या कार्डावर लाख-दीड लाखाची बाकी आहे हे पत्नीला पुष्कळदा त्याच्या तेराव्याच्या आगेमागे, एका अनोळखी आवाजाकडून कळते. “साहेबांच्या कार्डाची रक्कम केव्हा भरता?” असा तो प्रश्न असतो. ही रक्कम तिने देणे लागते की नाही, हा खरा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो; त्याचे उत्तर गृहीत धरलेले असते.

ते गृहीत चुकीचे आहे. भारतीय कायद्यानुसार पतीने एकट्याने, स्वतःच्या नावावर केलेले कर्ज केवळ पत्नी म्हणून पत्नीकडून वसूल करता येत नाही. पत्नीच्या कर्जाबद्दल पतीची स्थितीही हीच आहे. परंतु ही गोष्ट कार्ड देणाऱ्यांना जितकी पक्की ठाऊक असते, तितकीच ती घेणाऱ्यांच्या घरात अज्ञात असते; आणि वसुलीचा बराचसा डोलारा या अज्ञानावर उभा आहे.

कर्ज मालमत्तेमागे जाते

या विषयातील कायदा दोन कलमांत सामावलेला आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ३७ वे कलम सांगते की, करारात तसा विरुद्ध हेतू नसेल तर वचन देणारा मरण पावल्यावर त्याचे वचन त्याच्या प्रतिनिधींवर बंधनकारक राहते. एवढेच वाचणाऱ्याला वाटेल की कर्ज वारसाच्या डोक्यावर बसले. पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ५० वे कलम या बंधनाची मर्यादा आखून देते. मृताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली असेल आणि जिची रीतसर विल्हेवाट झालेली नसेल, तेवढ्यापुरताच वारस जबाबदार असतो. त्यापलीकडे एक रुपयाही नाही. म्हणजे कर्ज मालमत्तेच्या मागे जाते, माणसाच्या मागे जात नाही.

उदाहरणार्थ, एका कारकुनाच्या मागे कार्डाची बाकी २,४०,००० रुपये राहिली आहे, आणि त्याच्या एकट्याच्या नावावर बँकेत ६०,००० रुपये व विकली तर ३०,००० रुपये येतील अशी एक स्कूटर आहे, असे समजू. कार्ड देणाऱ्या बँकेचा हक्क फार तर या ९०,००० रुपयांवर पोहोचतो. त्यातूनही अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातील वैद्यकीय खर्च १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ३२० व्या कलमाप्रमाणे सर्व कर्जांच्या आधी भागवावयाचा असतो. उरलेले दीड लाख बुडाले. ते पत्नीच्या पगारातून, तिच्या दागिन्यांतून किंवा मुलाच्या पहिल्या नोकरीतून भरून काढण्याचा अधिकार बँकेला नाही.

अर्थात नियमाची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. राहते घर पतीच्या एकट्याच्या नावावर असेल तर तीही त्याची मालमत्ताच आहे, आणि बँकेने दावा लावून हुकूमनामा मिळविला तर वारसांना त्या घराच्या किमतीपर्यंत उत्तर द्यावे लागते. घर दोघांच्या नावावर असेल तर प्रश्न पतीच्या हिश्श्यापुरता राहतो. ‘नवऱ्याचे कर्ज आहे, मला काय त्याचे’ असे म्हणून त्याची मालमत्ता निर्वेध भोगता येईल, असा या कायद्याचा अर्थ नव्हे.

धर्मशास्त्र ते २००५

पित्याचे ऋण फेडल्यावाचून त्याला गती नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे, आणि वसुलीचा आवाज नेमका याच समजुतीला हात घालतो. “त्यांच्या नावाला बट्टा लागू देऊ नका” या वाक्यात कायदा कोठेच नसतो. पण ते परिणाम करते. म्हणून या समजुतीचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

धर्मशास्त्राने पित्याचे ऋण पुत्रावर टाकले होते, हे खरे. पुत्राने मुद्दल व्याजासह द्यावे, नातवाने केवळ मुद्दल द्यावे, अशी त्याची उतरती श्रेणी होती. मात्र जुगार, मद्य यांसारख्या कारणांसाठी केलेले ऋण पुत्रावर बंधनकारक नव्हते. पत्नीच्या बाबतीत याज्ञवल्क्य स्मृतीची भूमिका तर अधिकच लक्षणीय आहे. पतीने किंवा पुत्राने केलेले ऋण स्त्रीने देऊ नये आणि पत्नीने केलेले पतीने देऊ नये, असा तिचा सर्वसाधारण नियम आहे. कुटुंबाच्या पोषणासाठी काढलेले ऋण तेवढे तिने याला अपवाद ठरविले आहे. आणि स्त्रीने द्यावयाचे ऋण तीनच प्रकारचे सांगितले आहे: तिने स्वतः पत्करलेले, पतीबरोबर मिळून काढलेले आणि तिने स्वतः काढलेले. म्हणजे परंपरेचा आधार घेऊन विधवेकडे पैसे मागणाऱ्याच्या पाठीशी परंपराही फारशी उभी राहत नाही.

मुंबई इलाख्यात मात्र इंग्रजी अंमलात न्यायालयांनी पुत्राचे हे धार्मिक कर्तव्य वसूल करण्याजोगे देणे मानले. वडिलांकडून काही मिळो न मिळो, त्यांचे कर्ज मुलाला लागू होई. इतकेच नव्हे, तर विधवेशी पुनर्विवाह करणाऱ्या पुरुषावर तिच्या पहिल्या पतीच्या कर्जाची जबाबदारी टाकली जात असे. या दोन्ही गोष्टी मुंबईच्या विधिमंडळाने १८६६ च्या सातव्या कायद्याने बंद केल्या. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली आणि केवळ विवाहामुळे आधीच्या पतीचे कर्ज दुसऱ्या पतीवर येणार नाही, असे ठरले.

कायदा झाला, पण व्यवहार बदलला नाही. १८६६ नंतरही दख्खनमध्ये बापाच्या खतावर मुलाकडून नवे खत लिहून घेण्याची सावकारांची रीत चालूच राहिली. जुने कर्ज कायद्याने मुलावर येत नसे. मुलाने अंगठा उठविला की ते त्याचे स्वतःचे कर्ज होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या जवळच्या कागदांवर होता. खते आणि रोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुत्राच्या धार्मिक कर्तव्याचा उरलासुरला कायदेशीर आधार हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने काढून घेतला. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ या कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्यावर दावा चालत नाही. सुंभ जळला, पीळ मात्र अजून जळालेला नाही.

सहीचे मोल

सुप्याच्या शेतकऱ्याने जे ओळखले होते ते आजच्या सुशिक्षित कुटुंबानेही ओळखले पाहिजे: धोका जुन्या कर्जात नसून नव्या सहीत असतो. पतीच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी वसुली करणारा माणूस घरी येतो. तो बहुधा सौम्यपणे बोलतो. व्याज माफ करून देतो, बारा हप्ते बांधून देतो, फक्त या कागदावर सही करा, असे सांगतो. ज्या बाईने आयुष्यात कोणाचे देणे ठेवलेले नाही तिला ही सवलत वाटते. वस्तुतः त्या कागदाने ती आपल्यावर नसलेले कर्ज आपल्या नावावर लिहून घेत असण्याचा संभव असतो. करार कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे नवा करार जुन्याची जागा घेऊ शकतो. एकदा तिने स्वतः वचन दिले की पतीच्या मालमत्तेची मर्यादा तिचे रक्षण करील याची खात्री राहत नाही. म्हणून मृत्यूनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, वकिलाच्या किंवा जाणत्या माणसाच्या सल्ल्यावाचून, कोणत्याही हप्तेबंदीच्या अथवा तडजोडीच्या कागदावर सही न करणे हा या विषयातील पहिला नियम होय.

पत्नीची जबाबदारी खरोखर येते ती तीन प्रसंगी: ती सहकर्जदार असेल तर, ती जामीन राहिली असेल तर, किंवा कार्ड तिच्याच नावावर असेल तर. याज्ञवल्क्याने सांगितलेल्या तीन प्रकारांशी हे तीन प्रसंग बऱ्याच अंशी जुळतात. पतीच्या खात्यावर तिला मिळालेले पुरवणी कार्ड मात्र यांत मोडत नाही. अशा कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत नमूद केले आहे. परंतु पतीच्या निधनानंतर त्याचे किंवा पुरवणी कार्ड वापरणे ही निराळी गोष्ट झाली. तो खर्च करणाऱ्याच्या अंगाशी येईल. घरातील किराणा त्याच कार्डावर येत असला तरी त्या दिवसापासून ते कार्ड कपाटात गेले पाहिजे.

कोणते पैसे कोणाचे

बँकेचा हक्क मृताच्या मालमत्तेवर आहे असे म्हटले की, मृताची मालमत्ता कोणती हे ठरविणे महत्त्वाचे होते. शिक्षक आणि कारकून यांच्या घरात मृत्यूनंतर येणारा बराचसा पैसा या व्याख्येच्या किंवा जप्तीच्या बाहेर राहतो. कुटुंब निवृत्तिवेतन हा मृताच्या संपत्तीचा भाग नाही, ते कुटुंबातील पात्र व्यक्तीला नियमाने स्वतंत्रपणे मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीच्या रकमेला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने जप्तीपासून संरक्षण दिले आहे. पत्नीचे स्त्रीधन तिचेच असते, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच निःसंदिग्ध शब्दांत मांडले. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचे सहावे कलम फारच थोड्यांना ठाऊक असते. पत्नी व मुले यांच्या हितासाठी म्हणून या कलमाखाली काढलेली आयुर्विम्याची पॉलिसी ही विश्वस्त निधी समजली जाते. पतीच्या धनकोंना सामान्यतः तिला हात लावता येत नाही. १९२३ पासून हे कलम हिंदू, मुसलमान आदी समाजांनाही लागू आहे. ही तजवीज मात्र पॉलिसी काढतानाच करावी लागते.

याउलट, बँकेतील ठेवीवर नाव लावले म्हणजे ती ठेव आपली झाली, अशी एक समजूत आहे. ठेवीसाठी नेमलेली व्यक्ती केवळ पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते. ते पैसे मृताच्या मालमत्तेतच मोडतात आणि त्यांवर वारसांचा व धनकोंचा हक्क राहतो. म्हणून मिळालेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवणे हा दुसरा नियम. मालमत्ता हाती आली आणि तिचा रीतसर विनियोग केल्याचे न्यायालयाला पटवून देता आले नाही, तर संहितेच्या ५२ व्या कलमाप्रमाणे तेवढ्या रकमेपुरती वारसावर व्यक्तिशः जबाबदारी येते. रुग्णालयाची आणि अंत्यविधीची बिले जपून ठेवावीत ती याचसाठी.

व्याजातच विमा आहे

यावर एक आक्षेप घेतला जातो. बँकेने खरे पैसे दिले. ते कुटुंबाने खर्च केले. मग ते बुडावेत हा कोणता न्याय? हा आक्षेप वरवर पाहता सबळ वाटतो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो टिकत नाही.

सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले तेव्हा कार्ड ही मूठभर लोकांची सोय होती. आज ती पगारदार माणसाची सवय झाली आहे, आणि थकलेल्या बाकीवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला बेचाळीस टक्के व्याज ही सामान्य गोष्ट आहे. एक लाखाच्या बाकीवर महिन्याचे व्याज साडेतीन हजार. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ६३० रुपये. किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे पाच हजार रुपये भरले, तर मुद्दल कमी होते अवघे ८७० रुपयांनी. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे या दरावरील ती मर्यादाही उरली नाही.

गृहकर्जाच्या चौपटीहून अधिक असणारा हा दर कशासाठी असतो? त्याचे समर्थन बँका स्वतःच देतात: तारण नाही, जामीन नाही, म्हणून जोखीम मोठी. ही जोखीम म्हणजे काय? कर्जदार पैसे बुडवील, नोकरी गमावील, आजारी पडेल अथवा मरण पावेल, हीच ती जोखीम होय. दर महिन्याला व्याज भरणारा प्रत्येक कार्डधारक, जे फेडू शकणार नाहीत त्यांच्या वाट्याची रक्कम आगाऊ भरत असतो. तेव्हा कार्डधारक मरण पावल्यावर बँकेचे जे बुडते त्याची किंमत तिने आधीच वसूल केलेली असते. तेच पैसे पुन्हा विधवेकडून मागणे म्हणजे विम्याचा हप्ता घ्यावयाचा आणि नुकसान झाल्यावर तेही विमेदाराच्याच घरून भरून घ्यावयाचे, असा प्रकार आहे. जामिनाच्या कर्जाचा दर कमी असतो, कारण तेथे जामीन खरोखरच मागे उभा असतो. बिनजामिनाचा दर लावून जामीनही हवा, हे दोन्ही एकाच वेळी मिळणे न्याय्य नाही.

गोव्याचा अपवाद

हा नियम सर्वत्र सारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यात, विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजली जाते. संसाराच्या हितासाठी झालेली देणीही त्या सामाईक मालमत्तेवर येऊ शकतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या नऊ राज्यांत पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचे असेच तत्त्व आहे; तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी महाराष्ट्रातील नियमावर विसंबून चालणार नाही. मात्र तेथेही प्रश्न सामाईक मालमत्तेचा असतो. तेथील पत्नीला तिच्या नावावरील अर्धा हिस्साही त्याच तत्त्वाने मिळत असतो. संपत्ती समाईक नाही, पण कर्ज समाईक, अशी व्यवस्था कोणत्याच न्याय्य कायद्याला मान्य होण्याजोगी नाही. आणि महाराष्ट्रात दूरध्वनीवरून होणारी मागणी नेमकी तशी असते.

काय करावे, काय मागावे

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवावे, कार्ड बंद करण्यास सांगावे आणि मृत्यूच्या दिवशी असलेल्या बाकीचे विवरण मागावे. काही कार्डांबरोबर अपघाताचा अथवा बाकीचा विमा असतो. त्याची चौकशी करावी, कारण बँक आपण होऊन सांगेलच असे नाही. पत्नी सहकर्जदार वा जामीन आहे असे बँकेचे म्हणणे असेल तर तिची सही असलेला कागद दाखवावा, अशी मागणी करावी. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. कुटुंबीयांच्या खाजगी जीवनात शिरकाव, चारचौघांत मानहानी, धमक्या आणि दिशाभूल करणारी विधाने यांना तिच्या २०२२ च्याच कार्डविषयक निर्देशांनी मनाई केली. तक्रारीला बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

परंतु एकेका विधवेने कायदा शिकून घ्यावा आणि मग दुःखाच्या दिवसांत बँकेशी वाद घालावा, ही काही समाजाने समाधान मानण्याजोगी व्यवस्था नव्हे. मृत कार्डधारकाच्या कुटुंबाला पाठविलेल्या पहिल्याच पत्रात, ‘ही रक्कम मृताच्या मालमत्तेतून देय आहे, आपण सहकर्जदार अथवा जामीन नसल्यास आपल्यावर व्यक्तिशः जबाबदारी नाही’ एवढी दोन वाक्ये कुटुंबाला समजणाऱ्या भाषेत छापणे सक्तीचे केले पाहिजे. ते पत्र पोहोचण्यापूर्वी दूरध्वनी करण्यास आणि सही घेण्यास मनाई हवी. यासाठी नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा एक आदेश पुरेसा आहे. १८६६ मध्ये कायदा झाला आणि तरीही नऊ वर्षांनी सुप्यात कागद जाळावे लागले, कारण कायदा पुस्तकात राहिला आणि खत सावकाराच्या हातात. आजच्या विधवेला कागद जाळावयाचा नाही. त्यावर आपण सही करण्याचे कारण नाही, एवढे तिला वेळेवर कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि ते सांगण्याचे पहिले कर्तव्य, बेचाळीस टक्के व्याज घेणाऱ्याचे आहे.